तुरीखालची जमीन

मे महिन्यात एका दुपारी चुलतभावाचा फोन आला. मी नागपूरच्या ऑफिसात संगणकासमोर बसलो होतो.

"दादा, ढोरांच्या कोठ्याचा पाया आखला. त्यालेच लागून दोन खोल्या बी काढतो. माय म्हणते, तू आल्याशिवाय कुदळ मारायची नाही."

"कुठं आखला?"

"नाल्याकडच्या वावरात. दुसरं कोणतं वावर हाय आपल्यापाशी?"

मी 'येतो' म्हणालो आणि फोन ठेवला. उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत येऊन बसलो. पडद्यावर कुठल्याशा टेकडीचं काम अर्धवट उघडं होतं, ते बंद केलं. मग जे तीन वर्षं उघडायचं टाळत होतो ते उघडलं. आमच्याच गावच्या नाल्याचं काम.

मी ज्या कंपनीत आहे ती जमिनीची मॉडेलं बनवते. ड्रोन वरून फोटो काढत जातं आणि त्याच वेळी त्याच्या पोटाखालचं यंत्र लेझरचे किरण खाली सोडत जातं. एखादा किरण पानाला लागून परत येतो, एखादा फांदीला लागून. पानांच्या फटीतून निसटला तर मातीला लागून येतो. परत आलेल्या प्रत्येक किरणाचा एक ठिपका. असे कोट्यवधी ठिपके पडद्यावर एकत्र आले की धुक्यात उभं असलेलं शिवार पाहतोय असं वाटतं. त्यांतले मातीचे कुठले आणि झाडाझुडपांचे कुठले, हे संगणक निवडतो. मातीचे जोडून जमीन तयार होते, उरलेल्यांवरून झाडी. संगणक जिथे चुकतो तिथे माणूस हाताने दुरुस्त करतो. तो माणूस मी. आधी नकाशे काढायचो, गेली दहा-बारा वर्षं हेच करतो.

नाल्यावर लघुतलाव होणार होता. भिंत एवढी उंच बांधली तर पाणी कुठवर पसरेल, कोणाचं वावर बुडेल, कोणाचं वाचेल, हे आमच्या मॉडेलवरून ठरणार होतं. काम कंपनीला मिळालं तेव्हा साहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, हसून म्हणाले होते, "वाशिम, तुमचाच जिल्हा. तुम्हीच बघा." मलाही अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू.

ड्रोन डिसेंबरात उडवलं. ही वेळ चुकीची होती, पण ती मी ठरवली नव्हती. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघून जातं आणि तूर एकटी उरते. मग ती अशी पसरते की डिसेंबरात वावरात शिरलेला माणूस दिसत नाही. काळ्या जमिनीतली, नाल्याकाठची तूर तर डोक्याच्या वर जाते. ओळीला ओळ भिडते, फांद्या एकमेकींत गुंततात. वरून आलेला किरण अशा तुरीत शिरला तर कमरेएवढ्या उंचीवर अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. मातीपर्यंत पोचणारे ठिपके इतके विरळ की संगणक त्यांना चूक समजून टाकून देतो. मग तुरीच्या पोटातली ती कमरेएवढी पातळीच त्याला जमीन वाटते.

शहरात वाढलेल्या माणसाला हे लक्षात आलं नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. मी तुरीच्या वावरात वाढलो. पडद्यावर ते वावर पाहिलं आणि मला लगेच कळलं. आजूबाजूची जमीन नाल्याकडे हळूहळू उतरत होती. मध्येच हे एक वावर चौकोनी ओट्यासारखं वर आलेलं. जमीन अशी वर येत नाही. आणि त्याच जागेच्या फोटोत हिरवी, शेंगांनी जड झालेली तूर.

ते वावर मोठ्या मायचं होतं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, फोन करणाऱ्या चुलतभावाची आई. वडिलांना अकोल्यात नोकरी लागली आणि आई त्यांच्याबरोबर तिकडे राहायला गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, आणि मला दोन वर्षं मोठ्या मायकडे ठेवलं होतं. का ठेवलं ते घरात कोणी नीट सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत मी तिलाच आई समजायचो. पुढे शाळा, कॉलेज, नोकरी. दिवाळीला जायचो, लग्नकार्याला जायचो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि मोठे बाबा, मोठ्या मायचा नवरा, वारले. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पास मिळत नाही रे." पास मिळत होता. माझ्याच बिल्डिंगमधला एक जण त्याच आठवड्यात पास काढून जाऊन आला होता. मी घाबरलो होतो, एवढंच. तेराव्यालाही गेलो नाही. नंतर सगळं सुरू झालं तरी गेलो नाही, कारण आता इतक्या उशिरा जाऊन बोलायचं काय? दोन वर्षं अशी निघून गेली.

तर नियम असा होता: असं संशयास्पद वावर दिसलं की त्यावर खूण करायची आणि तिथे जाऊन जमिनीची उंची प्रत्यक्ष मोजायची. मी खूण केली. जायचंही मलाच होतं.

शेलूबाजारहून जीप ठरवली. रस्त्यावरचे बिंदू घेतले, पुलाचे घेतले, नाल्याच्या पलीकडच्या मोकळ्या वावरांतले घेतले. आमच्याकडे एक काठी असते, तिच्या डोक्यावर उपग्रहाचे संदेश घेणारी थाळी. काठी जमिनीवर टेकवली, थोडा वेळ स्थिर धरली की त्या जागेची उंची बोटभर फरकाने कळते. मोठ्या मायच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राहिलो. आता उतरून तुरीत शिरायचं, मध्यावर जायचं, काठी टेकवायची. दहा मिनिटांचं काम.

तेवढ्यात आतून डबा वाजला. रोही, म्हणजे नीलगाई, पिकात आले की कास्तकार डबा वाजवतात. त्यामागून तिचा आवाज, रोह्यांना घातलेल्या शिव्या. दोन वर्षांत आवाज जरा चिरका झाला होता. तूर एवढी उंच की ती मला दिसत नव्हती, मीही तिला दिसत नसणार. आवाज जवळ येत होता.

मी धुऱ्यावरच काठी टेकवली. एक बिंदू घेतला. वीस पावलं चालून दुसरा घेतला. आणि जीपकडे आलो. चालक म्हणाला, "झालं एवढ्यात?" मी म्हणालो, "झालं."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'उभ्या पिकातील तपासणी बिंदू'. त्यात मी धुऱ्यावरचे ते दोन बिंदू लिहिले. तो धुरा जुना, कमरेएवढा उंच. तुरीच्या पोटात जी खोटी जमीन तयार झाली होती, तिची उंची आणि धुऱ्याची उंची जवळपास सारखी. त्यामुळे तपासणीत माझे बिंदू मॉडेलशी सुरेख जुळले. साहेबांनी बैठकीत सांगितलं की या कामात सगळ्यांत चांगली जुळणी वाशिमच्या नाल्याची आली. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

स्वतःला तेव्हा काय समजावलं ते आठवतं. म्हटलं, एक मीटरचा तर फरक. म्हटलं, तलावाची रचना करताना अभियंते प्रत्यक्ष मोजतीलच. पुढे त्यांनी भिंतीची जागा मोजली, वावरं नाही मोजली. वावरांसाठी आमचं मॉडेल होतं ना.

तलाव झाला. बुडीत क्षेत्राचे दगड रोवले गेले. नाल्याकाठच्या सहा जणांची वावरं गेली, मोठ्या मायचं वाचलं. दगडांची ओळ तिच्या धुऱ्याला वळसा घालून गेली. गावात सगळ्यांना माहीत होतं की मी मोजणीच्या कामात आहे. चुलतभावाने फोनवर हसत सांगितलं, "लोकं म्हणतात, बुढीचं वावर पुतण्यानं वर उचललं." त्यात टोमणा होता, पण त्यालाही तो गोड लागला होता. तेव्हा मी ठरवलं की आता जाऊन भेटायला हरकत नाही. गेलो. मोठ्या मायने पुरणपोळी केली. मोठ्या बाबांबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

पाणी आजवर तिच्या वावरात आलं नव्हतं, कारण तलाव कधी पूर्ण भरलाच नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, अर्धवट होती आणि पाणी खालच्या पातळीवरूनच निघून जायचं. या उन्हाळ्यात सांडव्याचं काम पूर्ण झालं होतं.

त्या दुपारी ऑफिसात मी संगणकाने टाकून दिलेले मातीचे ते विरळ ठिपके परत शोधून काढले. सगळ्या वावरात मिळून चाळीसेक असतील. त्यांना जोडून जमीन केली आणि पाण्याची पातळी पूर्ण भरलेल्या तलावाएवढी ठेवली. निळा रंग धुऱ्याला टेकला आणि धुऱ्यातल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, वाटेने आत शिरला. वावराचे तीनातले दोन भाग बुडाले, वरचा एक उरला. कोठा कुठे आखलाय ते मला माहीत नव्हतं, पण अंदाज होता. विहीर खाली आहे. माणूस कोठा विहिरीजवळच आखतो.

चाळीस ठिपक्यांवर विश्वास ठेवायचा का, या प्रश्नावर मी दोन दिवस काढले. जेवताना, बसमध्ये, बायको काही सांगत असताना. "तुम्ही ऐकताय का?" असं तिने तीनदा विचारलं. खरं म्हणजे विश्वासाचा प्रश्नच नव्हता. मला फक्त जायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून काठी घेतली, दुसऱ्या कामाचं नाव सांगून, आणि कारंजामार्गे जाणारी एसटी पकडली.

किन्हीराजाच्या फाट्यावर उतरलो तर चहाच्या टपरीवर गावचाच एक कास्तकार बसलेला. त्याचं वावर तलावात गेलेलं. माझ्या हातातली लांब पिशवी पाहून तो म्हणाला, "या साहेब. काठी आणली वाटते. आता कोनाचं वर उचलता?"

"कोणाचंच नाही. सहज आलो."

"आमाले बी सांगत जा ना सहज येता तवा. आमी बी पुतणे म्हनून घेतलं असतं तुमाले."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. तो स्वतः हसला नाही. त्याने माझ्या चहाचे पैसे दिले आणि मला ते देऊ द्यावे लागले.

वावरात पोचलो तेव्हा चुलतभाऊ आणि मोठी माय दोघंही तिथे होते. तूर केव्हाच निघालेली, नांगरट झालेली, उन्हात उघडी पडलेली काळी जमीन. धुऱ्यावरून पाहिलं. काठीची गरजच नव्हती. वावर धुऱ्याच्या खाली होतं आणि रस्त्याकडून सरळ नाल्याकडे उतरत होतं. कोणत्याही शाळकरी मुलाने सांगितलं असतं.

विहिरीपासून तीसेक पावलांवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. कोठा, त्याला लागून दोन खोल्या.

"ये बाबू," मोठी माय म्हणाली. "उन्हाचा आला. दुपट्टा तरी बांधाचा डोक्याले."

"काठी कायले आणली, दादा?"

"सहज. म्हटलं पायाची लेव्हल बघून देतो."

"अरे वा. मंग त काम पक्कं झालं."

मी चुन्याच्या चारही कोपऱ्यांवर काठी टेकवली. मग विहिरीच्या काठावर, मग वर रस्त्याकडे जात जात दर पंधरा पावलांवर. चुलतभाऊ मागे मागे येत होता. आकडे पडद्यावर येत होते आणि प्रत्येक आकडा मला जे माहीत होतं तेच सांगत होता. पायाचा कोपरा भरलेल्या तलावाच्या पातळीपेक्षा पाऊण मीटर खाली होता.

"काय म्हणते तुही काठी?"

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "असं कर, कोठा इथं नको. वर रस्त्याला लागून घे."

"काहून?"

"दुधाची गाडी थेट दारात येईल. चिखलात कॅन वाहायला नको. लाइटचा खांबही वरच आहे."

"अन् पाणी? विहीर त खाली हाय. पन्नास ढोरांचं पाणी वर कोन नेईन, तुही काठी?"

"पाइप टाकता येतो."

"दादा, जागा आमी दोन वर्सं पाहून राह्यलो. सावली, वारा, विहीर. मायनं सोता दाखवली."

"मग मायला विचार. वर घ्या. माझं ऐका."

मोठी माय बंडीच्या जुन्या चाकावर बसली होती. ती एवढा वेळ आमच्याकडे पाहत होती, काठीकडे नाही, माझ्याकडे.

"तू खोटं बोलून राह्यला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लहानपणी बी असाच बोलायचा. सरळ न बोलता दुसऱ्या गोष्टी सांगायचा. काय झालं ते सांग."

मी तरी उभाच होतो. तेव्हाही मनात हिशोब चालू होता की एवढंच सांगावं का, की यंदा पाणी जरा जास्त येईल. म्हणजे कोठा वाचेल. वावर बुडायचं ते बुडेल, पण ते निसर्गाने केलं असं होईल. कागदावर हे वावर बुडीत नाही, त्यामुळे त्याबद्दल तिला काही मागताही येणार नाही. दर पावसाळ्यात ती धुऱ्यावर उभी राहून आपल्या तुरीवर पाणी चढताना पाहील, आणि गाव म्हणेल की पुतण्याने उचललेलं वावर देवाने खाली आणलं.

काठी जमिनीत रोवली आणि सांगितलं. ड्रोनपासून सुरुवात केली. किरण तुरीत कसे अडकतात ते सांगितलं. चुलतभावाला पटकन समजलं. "म्हंजे त्यानं तुरीलेच जमीन धरलं," तो म्हणाला.

"हो."

"अन् तुले दिसलं नाही?"

"दिसलं."

"मंग?"

"तपासायला आलो होतो. आत शिरलो नाही. धुऱ्यावरच मोजलं आणि पिकात मोजलं असं लिहिलं."

 त्याने चुन्याच्या रेघांकडे पाहिलं, मग नाल्याकडे, डोळ्यांनीच उतार मोजत गेला. "अरे," तो म्हणाला, "हे त आमाले बी दिसाले पायजे होतं. धुऱ्याच्या खाली वावर हाय, हे काय काठीनं सांगाची गोष्ट हाय? कागद म्हणते बुडत नाही, त आमी बी म्हणलं बुडत नाही." मग माझ्याकडे वळला. "पण तू आत काहून नाही शिरला? साप होता का?"

मोठी माय सापाचं विचारत नव्हती. तिने स्वतःच मनाशी काहीतरी जुळवलं होतं.

"कवा आलता तू?"

"तीन वर्षांपूर्वी, पुसाच्या महिन्यात. तू रोही हाकलत होतीस."

"म्हंजे मी आत होतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'होतो'च म्हणतात. "मी आत होतो अन् तू धुऱ्यावर होता."

"हो."

"आवाज आयकला माहा?"

"ऐकला."

त्यावर मी काहीतरी बोललो. मोठ्या बाबांचं, पासचं, भीतीचं. सगळं एकदम आणि कशाचाही क्रम नसलेलं. ती मध्येच म्हणाली, "ते मले माहीत हाय. तेव्हा सगळेच भेले होते. तुह्या मोठ्या बाबाले खांदा द्याले बी चार माणसं नव्हती, ट्रॅक्टरवर नेलं. त्याचा राग मी कवाच सोडला." ती चाकावरून उठली. "पण इथपर्यंत येऊन, माहा आवाज आयकून, तू वापस गेला. वावर गेलं त जाईन बाप्पा. हे कायले केलं तू?"

मी रोवलेली काठी उपटून घेतली. 

ती धुऱ्याकडे चालू लागली. चुलतभाऊ माझ्याशेजारी उभा राहिला. म्हणाला, "लिहून देशीन?"

"काय?"

"आता जे बोलला ते. सही करून. ते दिल्याशिवाय आमचं कोन आयकन? आमी म्हणलं का वावर बुडते, त ते म्हणतीन कागद दाखवा. कागद तुहाच हाय."

त्याने ट्रॅक्टरच्या डब्यातून जुन्या वहीची कोरी पानं काढली. त्या उन्हात, बंडीच्या चाकावर पान ठेवून मी लिहिलं. वाक्यं छोटी ठेवली, नाहीतर मी पुन्हा आडवळणाने गेलो असतो. मी अमुक कंपनीत अमुक काम करतो. या शेतातील जमिनीची उंची मॉडेलमध्ये चुकीची आहे. तपासणी बिंदू पिकात न घेता धुऱ्यावर घेतले. आज प्रत्यक्ष मोजलेल्या उंची पुढीलप्रमाणे. खाली सही.

"माय," त्याने हाक मारली, "वाचून दाखवू का?"

"मले नोको," ती धुऱ्यावरून म्हणाली. "गावात वाच. तिथं लोकं दोन वर्सं बोलून राह्यले, का बुढीनं पुतण्याच्या जोरावर वाचवलं. मी कोनाले काही म्हणलं नाही. ज्यायची वावरं गेली त्यायच्या बायका माह्याशी विहिरीवर बोलत नाहीत."

हे मला माहीत नव्हतं. तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी ते पान वाचलं. वीसेक माणसं होती. टपरीवरचा तो कास्तकारही होता.  संपल्यावर तोच म्हणाला, "म्हंजे बुढीचं वावर वर नव्हतंच."

"नव्हतं."

"म्हंजे तिचं बी जाते."

"दोन भाग जातात. एक राहतो."

त्याने मान हलवली. "मंग आमच्यातच आली म्हणा ती." आणि पाराच्या कडेला बसलेल्या मोठ्या मायकडे पाहून म्हणाला, "काकू, आमाले आधी सांगतलं असतं त दोन वर्सं भांडण त नसतं झालं."

"मले कोनी सांगतलं होतं?" ती म्हणाली.

नागपुरात परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना आधी वाटलं, मी मॉडेलमधल्या एखाद्या दुरुस्तीबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. "तुम्ही सही करून दिलंत? आमच्याशी न बोलता?" ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी विचारलं की याला 'मॉडेलची मर्यादा' असं नाव देता येईल का, कारण दाट पिकात असं होतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी म्हणालो, मर्यादा मॉडेलची होती, रकाना मी भरला. त्यांनी तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पुढे काय होईल ते अजून सांगितलेलं नाही. माझ्या जुन्या सगळ्या कामांचे बिंदू आता दुसरे लोक तपासत आहेत, आणि ते मला विचारतात, "हा कुठे घेतला होता?" मी आठवून सांगतो. बहुतेक खरे आहेत. 

माझं पान जोडून चुलतभावाचा अर्ज गेला. जूनमध्ये विभागाचे दोन अभियंते आणि तलाठी संयुक्त मोजणीला आले. चुलतभावाने कळवलं तसा मीही गेलो, रजा टाकून, कारण मोठी माय म्हणाली होती की तू ये, बोलायला नाही, उभं राहायला ये. आकडे तेच आले. अभियंत्यांनी पाण्याची रेघ जिथे येईल तिथे खुंट्या ठोकल्या. धुऱ्यापासून सुरू होऊन विहिरीला पोटात घेऊन ती वर रस्त्याच्या बाजूला वळली. कागदावर अजून काही ठरलेलं नाही. प्रस्ताव जाईल, म्हणाले. यंदाचं पाणी आधी येईल, निर्णय नंतर.

ते लोक जीपमध्ये बसून गेल्यावर मोठी माय म्हणाली, "कुठून कुठवर, दाखव."

मी पुढे चालायला लागलो तर म्हणाली, "तू मागून ये. मी चालतो." ती खुंटीला खुंटी शिवत चालली, हातातल्या काडीने प्रत्येक खुंटीला टोचत. खुंटीच्या खालच्या बाजूला बोट दाखवून सांगत गेली. इथं पांढरी माती हाय, इथं काहीच होत नाही, गेलं त गेलं. इथं तूर सगळ्यांत बरी यायची. इथं तुह्या मोठ्या बाबानं गोटे वेचले होते, तीन उन्हाळे. विहिरीपाशी ती थांबली, आत डोकावली. मी काही बोलायचा प्रयत्न केला तर तिने हात वर करून थांबवलं.

शेवटच्या खुंटीशी पोचलो तेव्हा ती दमली होती. कमरेवर हात ठेवून वरच्या पट्टीकडे पाहत राहिली. ती उथळ, मुरमाड जमीन, जी तिने आजवर कधी धड वाहिलीही नव्हती. चुलतभावाने कोठ्याच्या नव्या रेघा तिथेच एका कोपऱ्यात मारल्या होत्या.

"एवढ्यात ढोरं बी ठेवाचे अन् पेराचं बी," ती म्हणाली. मग त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "तूर त इथं होणार नाही. मूग होईन का? तू शिकलेला हायस. पाहून सांग."

मी खाली बसलो आणि मुठीत माती घेतली.